बत्तीस बोल्ट

रविवारी सकाळी, लाईट जायच्या आत,
मी बारदान टाकून बसतो
उजव्या पुढच्या चाकापाशी.
एका रिंगला बत्तीस बोल्ट. चाकं चार.
हिशेब झोपेकाकांनी केला, गच्चीवरून,
आणि म्हणाले, एवढ्यात माणूस
गीतेचे अठराही अध्याय वाचून उठतो.

समोरासमोर आवळायचे असतात.
हा एक, की लगेच त्याच्या समोरचा.
ओळीनं गेलात तर रिंग तिरपी बसते,
पंगतीत एकाच टोकानं वाढत गेल्यासारखं होतं,
आणि दुसऱ्या टोकाची हवा
उठून जाते, न सांगता.

पान्हा सुभान तडवीचा. टक् असं बोलतो.
टक् झालं की थांबायचं.
त्यापुढचा जोर रागाचा, सुभान म्हणतो,
आणि बोल्टाला तुझ्या रागाशी काय घेणं.

कायले रे भो हे? काट्यावरचा वामन विचारतो,
केळीच्या घडांवरून मान वर न करता.
मी त्याला सुकी सांगतो.
पालच्या वर, पात्रात,
गोटे ओल्या म्हशींसारखे बसलेले असतात.
तिथे हवा सोडायची. सोडायची. आठावर आणायची.
टायर पोट टेकतं, गोट्याला कवेत घेतं.
साध्या रिंगवरून ते एवढ्या हवेत
सोललेल्या केळासारखं सुटून आलं असतं.
हे सुटत नाही.
वामन म्हणतो, नदी कुठी आन् तू कुठी.

खरं आहे. सुकीत मी वर्षातून चारदा.
बाकी तीनशे एकसष्ट दिवस
फैजपूर, सावदा, भुसावळचं स्टेशन,
रेवतीचा क्लास,
डांबर.
डांबरावर ही चाकं पन्नासला गुणगुणतात,
साठला कण्हतात,
सत्तरला कुमुदिनीच्या मांडीवरचा वरणाचा डबा
झाकणासकट थरथरतो,
आणि ती खिडकीबाहेर बघते
ज्या बाजूला बघण्यासारखं काही नाही.

आमोद्याच्या फाट्यावर साहेबांनी हात केला.
उकिडवे बसले, एक बोल्ट बोटानं चाचपला.
हे रस्त्यावर चालत नाही.
मी म्हणालो, साहेब, चालतंय तर.
ते हसले नाहीत. पावती फाडली.
मग पेन खिशाला लावता लावता, हळूच,
किती हवेपर्यंत धरतं?

रेवतीनं एकदा गाडीखाली डोकं घातलं.
बाबा, आतल्या बाजूला बोल्टच नाहीत.
नसतात, म्हणालो.
मग आतलं कशानं राहतं?
हवेनं.
ती बराच वेळ खालीच होती.

गेल्या रविवारी एकोणिसावा
टक् व्हायच्या आधी पाव फेरा फिरला.
पाव फेरा. सैल.
सोमवारी सासूबाईंना स्टेशनवर सोडलं होतं,
बुधवारी क्लासच्या चार पोरी मागे गात होत्या,
शुक्रवारी मी एकटाच, ऐंशीला,
उगाच.
चाक बाहेरून होतं तसंच होतं. चकचकीत.
मी आवळला. टक्.
मग पुन्हा पहिल्यापासून निघालो
आणि अकराच्या पुढे कुठेतरी चुकलो.

कुमुदिनी चहा घेऊन आली.
कप बंपरवर ठेवला, बोलली नाही,
चाकाच्या पलीकडे पायरीवर बसली.
मग एका बोल्टावर बोट ठेवून,
हा झाला?
माहीत नाही.
मग मी धरून ठेवते, तू इथून मोज.

आत पंख्याचा आवाज मंदावत गेला, लाईट गेली.
तिचं बोट, त्याला हळद लागलेली,
ग्रीसमध्ये.
मी समोरच्याला पान्हा लावला.