हाताच्या उलट्या बाजूने

आग विझली हे आम्ही डोळ्यांनी ठरवत नाही.
हातमोजा काढायचा, गुडघ्यांवर बसायचं,
हाताची उलटी बाजू राखेवर ठेवायची.
तळव्याला घट्टे पडलेत, तो खोटं बोलतो.
एकवीस उन्हाळे हेच काम,
विल्युई नदीच्या अलीकडे, लार्चच्या रानात,
आणि दर ऑक्टोबरात कागदावर सही:
आग पूर्ण विझली. द्युलुस्तान.

नऊ वर्षांपूर्वी याकुत्स्कच्या इस्पितळात
असाच एक कागद झाला.
तुयारा घरी आली, लोकरी टोपी काढली,
तुळतुळीत डोक्यावरून एकदा हात फिरवला,
आणि पहिल्या धिरड्याचा तुकडा लोणी लावून
चुलीतल्या आगीला दिला.
हिला उपाशी ठेवू नये, म्हणाली.
तिची आईही असंच म्हणायची.

मग आम्ही विसरलो.
विसरलो म्हणजे, छप्पर नवं केलं,
पांढरी घोडी दोनदा व्याली,
मुलगी लग्न करून मीर्नीला गेली.

गेल्याच्या गेल्या जानेवारीत, उणे पन्नासात,
म्हाताऱ्या उयबानला बर्फातून
वाफेची एक बारीक दोरी वर जाताना दिसली.
अस्वल निजलंय, म्हणाला, श्वास आहे त्याचा.
लांबून काठी खुपसली.
काठी काळी होऊन बाहेर आली.

वर कमरेइतका बर्फ.
खाली पीट, हजारो वर्षांचं मुरलेलं शेवाळ,
आणि त्यात ती.
ज्वाळा नाही, उजेड नाही,
हवा जेमतेम, खाणं त्याहून जेमतेम.
ऑक्टोबरात मी जिथे बसलो होतो
तिथून तीन पावलांवर.

यंदा तळ्यावर पिण्याच्या पाण्यासाठी बर्फ कापताना
लादी उचलली आणि तुयाराच्या बरगडीत चमक भरली.
उसण आहे, म्हणाली.
महिनाभर उसणच म्हणत राहिली.

डॉक्टर आयतालिना कागदावर एक गोळा काढते.
औषध धावणाऱ्याला मारतं, ती सांगते,
जी पेशी घाईघाईने दुभंगते, तिला.
पण काही थोड्या असतात, मूळ पेशी म्हणतो आम्ही,
त्यांतल्या काही गडबड ऐकू आली की बसून घेतात.
हाडाच्या मगजात, जिथे प्राणवायू कमी.
विष आत आलं तर उपसून बाहेर टाकतात.
खायला नसलं तर स्वतःचेच जुने भाग मोडून खातात.
दुभंगत नाहीत. औषध शेजारून निघून जातं.

किती दिवस?
कधीकधी नऊ वर्षं.

आणि मग उठवतं कोण?
तिने पेनाला टोपण लावलं.
एखादी सूज, एखादी जखम, वय.
खरं सांगू का, नक्की माहीत नाही.

आम्हालाही नसतं. मे महिन्यात बर्फ उतरतो,
एका दुपारी वारा फिरतो,
आणि जिथे कुणी काडी ओढली नाही
तिथून रान पेटत जातं.

परतीच्या सहा तासांच्या रस्त्यात
मी त्या पेशीवर चिडायचा प्रयत्न केला.
चिडलोही. पण मधेच वाटलं,
कमी हलायचं, कमी खायचं, दार लावून घ्यायचं,
आठ महिने इथे आम्ही दुसरं काय करतो?
हे तुयाराला सांगितलं नाही.
सांगायला नको होतं असं नाही,
ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

परवापासून औषध पुन्हा सुरू, वेगळं.
काल रात्री तिच्या पाठीवर,
डाव्या बाजूला, आठव्या बरगडीशी,
हाताची उलटी बाजू ठेवली.

काय शोधतोस?
काही नाही.
जमीन गरम लागली की खाली आग असते, मी म्हणालो,
पण तू तर इथून तिथून सगळीच गरम.

ती हसली, हसताना दुखलं तिला.
मग थंड लागेन तेव्हा सही कर, म्हणाली,
आणि माझ्या हाताला धक्का न लावता
पांघरूण वर ओढून घेतलं.