झाकणाचं माप

खोकल्याच्या औषधाचं झाकण, हे आमचं माप.
दोन झाकणं व्हिस्की, एक लिंबू,
पाक अर्ध्याहून जरा वर.
हे 'जरा' तो बोटाने दाखवतो,
डाव्या हाताच्या, कारण उजवा
गेल्या आषाढापासून मांडीवर असतो,
कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

बावीस वर्षं बोटीवरच्या बारमागे उभा राहिलेला माणूस
शिरोड्याच्या पडवीत खुर्चीवर बसून
मला शिकवतोय.
त्याचा चकचकीत शेकर थोरल्याने पुण्याला नेला,
म्हणून धाकट्याचा शाळेतला डबा, घट्ट फिरकीचा.
तळाला खिळ्याने कोरलंय:
नि. ज. आरोलकर, चौथी ब.

लाइट गेली की बर्फ मच्छीमार सोसायटीतून.
भुसा झटकून तीन पाण्यांनी धुतला
तरी पहिल्या घोटाला बांगडा येतो.
"ऱ्हवांदे," म्हणतो, "व्हिस्कीक मीठ चलता."
अर्धे शब्द गालातच राहतात त्याच्या.
मी ते काढून घेते,
मुलाच्या घासातला काटा काढावा तसे.

"हलय. अजून हलय. हात बधिर जायसर."
मी हलवते. काकणं वाजतात.
कुंपणापलीकडून कुंदा विचारते,
"ताक करतास काय गो वैनी?"
होय म्हणते.

गावठी अंड्याचं पांढरं आत, पिवळं मांजरीला.
कडू थेंबांची ती कागद गुंडाळलेली बाटली
कधीच संपली. आता किराईत,
पोरांना जंतांवर पाजायचो तेच,
तीन काड्या, आठ दिवस, व्हिस्कीतच बुडवलेलं.
त्याने वास घेतला, डावी भुवई वर गेली.
"मी बोटीर असताना खय होतंस तू?"
इथेच होते की.

पिते मी.
त्याला डॉक्टरांनी वासापुरतं ठेवलंय.
ग्लास नाकाखाली धरायचा, मोजून पाच श्वास,
मग घोट माझा, आणि प्रश्न त्याचा:
"कसा लागता?"

पहिल्या बुधवारी मी म्हटलं, कडू.
"कडू म्हणजे? कारल्याचा काय कोयीचा?"
तेव्हापासून शोधतेय.
भातगिरणीमागे कोंडा तापतो, तसं.
तिसऱ्या दिवसाचा बोंडू, माशा बसलेला.
पेंढा विझल्यावर पहाटे दंवाखाली जे उरतं, ते.
एकदा म्हटलं, देवळातली समई घासताना
बोटांना येतो तो वास. तेव्हा तो म्हणाला, "हां."
एवढंच. दिवसभर पुरलं मला.

आज लिंबाऐवजी आगळ.
ग्लास कंदिलाला धरला, दोघंही गप्प.
घोट घेतला. म्हटलं, थांब.
(चारचौघांत मी 'अहो' म्हणते,
घोट उतरला की 'तू'.)
म्हटलं, तू पहिल्या सुट्टीवर आलास ना,
अकरा महिन्यांनी, एसटीतून, ती निळी बॅग घेऊन,
आणि मी रागाने दिवेलागणीपर्यंत बोलले नाही,
नुसता भात वाढला, तुझ्याकडे न बघता,
आणि वरून तूप जरा जास्तच पडलं.
ते. तसं लागतंय.

डोळे मिटून बसला बराच वेळ.
समुद्राचा आवाज आला, गेला, कुंदाकडचा टीव्हीही.

मग म्हणाला,
"मगे पाक जास्ती झालो."

मी परत एक घोट घेतला.
झाला होता खरा.