हातचा एक

ग्रोनिंगनला, कालव्याकाठी, तिसऱ्या मजल्यावर
सित्स्के हूक्स्त्रा चहात बिस्किट बुडवते
आणि समोरच्या पोराला विचारते,
"तेवीस वर्षांनी आठवण झाली होय रे?"

लायडनहून आलाय तो. येल्मर.
छापून आलेले आकडे पुन्हा मोजतो,
त्याचाच पगार मिळतो त्याला.
शोधनिबंधात लिहिलंय: या गोळीने हृदय सावरतं.
छापलं, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.
तीनशे बारा माणसं, चार ओळींचा तक्ता.
शितावरून भाताची परीक्षा झाली,
हा शीत शोधत आलाय.

ती कपाट उघडते.
वह्या. दर शुक्रवारी परत आलेल्या बाटल्या,
बाटल्यांत उरलेल्या गोळ्या, हिरव्या शाईत.
"हा डाउवे. बोटीवर राहायचा.
गोळ्या बदकांना घालायचा, वर डोळा मारून सांगायचा.
मी समासात लिहिलं.
समास कोण छापतं?
आणि ही आल्त्ये, चक्कर येऊन जिन्यावरून पडली.
'इतर कारणे' या रकान्यात गेली.
प्राध्यापक वाईट नव्हते हं.
अनुदान मार्चमध्ये संपत होतं, एवढंच."

येल्मर उतरवून घेतो. पान उलटतो. थांबतो.
"इथे खोडलंय. एकोणीसचे वीस."

खाली पुलावरून एक सायकल खडखडत जाते.
ती चष्मा पुसते.
पुसलेला पुन्हा पुसते.
"धाकटा तापाने फणफणला होता.
पाळणाघरातून दोनदा फोन.
एक गोळी लागेना हिशेबाला.
म्हटलं, गेली असेल टेबलाखाली,
आणि हातचा एक धरला."

"एकाने काय बिघडतंय," तो म्हणतो,
आणि आपलंच वाक्य ऐकून गप्प होतो.

मग ती सांगते, न विचारता:
वीब्रेन, तिचा नवरा, अकरा वर्षं हीच गोळी घ्यायचा.
सकाळी सात वाजता. ताकाबरोबर,
पाण्याबरोबर त्याच्या घशाखाली उतरायची नाही.
तिनेच हातावर ठेवायची.
"ती अकरा वर्षं गोळीने दिली
की तो आपला तसाच जगला असता?"

येल्मरकडे संगणक आहे, सूत्रं आहेत,
सतरा देशांतले तक्ते आहेत.
"एका माणसाचं सांगता येत नाही," तो म्हणतो.

"मग हे छाप," ती म्हणते,
तळाशी गेलेलं बिस्किट
चमच्याने शोधत.