बिलावलीचा हिशेब

रिटायर झाल्यावर भालूमामानं
बिलावलीच्या तळ्याकाठी एक खोली बांधली
आणि तिचा हिशेब ठेवला.
जन्म ऑडिटात गेलेला माणूस, दुसरं काय करणार.

विटा, जुन्या: एकवीसशे.
पत्रे, सियागंजातले, गंजके: नऊशे चाळीस.
खिडकी, रामबागेत पाडलेल्या घराची: फुकट. हमाली आठ.
घड्याळ: विकले. जमेस एकशे दहा.
कुलूप: नाही.

उशाशी दोन जुनाट पुस्तकं,
कुठल्या दूरदेशीच्या निबंधकारांची,
ज्यांनी जंगलात जाऊन धडे गिरवले
आणि गावाला, देवळाला, सरकारला
आवाज न चढवता नाही म्हटलं.
समासात मामाच्या बरोबरच्या खुणा.
कुठे कुठे फुलीसुद्धा.

आमच्या गल्लीत एवढंच झालं:
अरे भिया, मामाजी तो गए काम से.
आई म्हणाली, जाऊ दे, ऐकू दे स्वतःचं.
पण सदरे कोण धुणार त्याचे?

मग दर गुरुवारी मी, बारावीतली,
लुनावरून डबा घेऊन निघायचे.
भंवरकुआं ओलांडलं की शहर संपायचं.
चार पोळ्या, भरली वांगी,
कागदाच्या पुडीत लसणाची शेव.
येताना मळक्या कपड्यांची पिशवी.

एकदा त्यानं विचारलं, काय होणार तू?
म्हटलं, बाबा म्हणतात सीए.
बाबांना नाही विचारलं मी.
पाण्यातल्या खुंटावर पाणकावळा बसला होता,
पंख वाळत घातल्यासारखे पसरून.
आम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत राहिलो.
डबा गार झाला.

दोन वर्षं चार महिन्यांनी
एका सकाळी मामा परत आला,
खांद्यावर ती खिडकी.
पोह्यांवर शेव घालून घेतली, म्हणाला,
बास, झालं पाहून.
काय पाहिलं ते कुणी विचारलं नाही.
आईनं गिझर लावला.

वही मला सापडली तो गेल्यावर.
शेवटच्या पानावर, लाल पेन्सिलीनं:
डबे, एकशे बारा. धुणे, नोंद नाही.
सदर इसम स्वतःच्या बळावर राहिला
असे म्हणण्यास पुरावा अपुरा.
ताई व मनू यांचे देणे दाखवण्यास
या वहीत रकाना नाही.
आक्षेप कायम.

खाली सही, आणि सहीखाली,
वेगळ्या दिवशी लिहिलेलं असावं, शाई निराळी:
तरीही पहाटेचं तळं माझं एकट्याचं होतं.

मी सीएच झाले.
त्यात बाबांचं किती, माझं किती,
ते वेगळं काढून दाखवता येत नाही.
खिडकी आता माझ्या स्वयंपाकघरात आहे,
नीट लागत नाही, पावसाळ्यात फुगते.
सुतार म्हणतो, ताई, बदलून टाका.

गुरुवारी मात्र ऑफिसातून लवकर निघते.
कुठे जायचं नसतं.