सेटल

मंगळवारी साडेसहाला, ग्रिम्सबीच्या चॅपलमागल्या खोलीत
ओल्डरॉइडबाई फळ्यावर एकच शब्द लिहितात: सेटल.
हीटर खडखडतो. माझ्या बोटांना हॅडॉकचा वास,
दोनदा लिंबू चोळूनही.

सोपा आहे, बाई म्हणतात.
चहा ढवळून ठेवला की पत्ती तळाशी बसते, तसं.
बोहदान वहीत कपाचं चित्र काढतो.
मला आठवते केरेनमधली मातीची सुरई,
तिसऱ्यांदा उकळलेली कॉफी,
आणि चोथा बसायच्या आधीच ओतली म्हणून
सगळ्यांदेखत हसलेली सासू.

रडणारं पोर खांद्यावर निवतं, तेही सेटल.
हॉटेलचं बिल चुकतं करणं, तेही.
भावाभावांचं भांडण मिटवणं, तेही.
"आणि जो पोचलाच नाही,
त्याच्या बोटीच्या भाड्याचं देणं?" मी विचारते.
बाईंच्या हातातला खडू थांबतो.
"तेही," म्हणतात. मग हळूच,
"पण ते तुझ्याकडे कोण मागतं, लेतेब्रहान?"
मी वहीकडे बघते.

हवं ते मिळत नाही म्हणून मिळेल ते घेणं:
याला पुढे एक छोटं 'फॉर' जोडायचं.
खेरसॉनला भूमिती शिकवणारा बोहदान,
इथे बर्फाच्या खोक्यांना लेबलं चिकटवणारा,
हा अर्थ उतरवून घेत नाही.
पाठ आहे, म्हणतो.

माझ्या पिशवीत सरकारी पत्र.
त्यातही हाच शब्द, शेपूट लावलेला,
आणि खाली: निर्णय व्हायचा आहे.
पत्ती, पोर, बिल की भांडण,
यांतलं माझं काय करणार आहेत
ते लिहिलेलं नाही.
आठ महिने मी ते पत्र
कांद्यांच्या पिशवीत घालून फिरते. भिजलंय एका कोपऱ्यात.

सव्वासात. बाई फळा पुसतात, पुसता पुसता म्हणतात,
अजून एक अर्थ आहे, आता कुणी वापरत नाही.
भिंतीशी बोट दाखवतात:
उंच पाठीचं ते काळपट बाक,
ज्यावर आम्ही सगळे ओले कोट फेकतो.
"वडलांच्या घरी आम्ही यालाच सेटल म्हणायचो."

बाकीचे निघतात. बोहदान स्वतःचा कोट ओढून घेतो,
त्यासोबत दोन परके खाली पडतात.
मी ते उचलते, खिळ्याला अडकवते.
बाक रिकामं.

बसते.
लाकूड कुरकुरतं, गार आहे, पाठ सरळ ठेवावी लागते.
बसला अकरा मिनिटं आहेत.