रंग, एका शब्दात

धुळ्याच्या कोर्टात पंखा एकच,
तोही साहेबांच्या डोक्यावर.
वकील दोन कागद हलवतात :
"मॅडम, मार्चच्या अहवालात अर्क मधासारखा,
ऑगस्टच्या अहवालात काळपट हिरवा.
गोणी एक, सील एक.
मग खोटं कोण बोलतंय, बाटली की तुम्ही?"

अठरा वर्षं मी पांढऱ्या बशीत रंग बघतेय.
घसा खाकरते.

साहेब, मार्चात इथर होतं.
इथर मानी. ओसरीवर टेकतं,
तुपकट तेवढं उचलतं, निघतं.
हिरव्याला हात लावत नाही.
ऑगस्टात ते संपलं,
मागणीपत्र नाशिकला कुणाच्या तरी टेबलावर;
मी स्पिरिट ओतलं.
स्पिरिटला नाही म्हणता येत नाही.
हिरवा, मेण, धूळ, पानाचा कडवटपणा,
भांडीकुंडी घेऊन सगळं घरच बाहेर येतं.

आणि गोणी एक म्हणता,
पण गोणीला वर-खाली असतं.
मार्चात हाती लागले वरचे शेंडे, चिकट.
ऑगस्टात तळाचा पाला, देठं, काड्या,
मुद्देमालाच्या खोलीत पत्र्याखाली
अख्खा मे काढलेला.
म्हातारा पाला कशातही बुडवा,
तपकिरी उतरतोच.

(हे बोलले नाही :
सावद्याच्या वखारीत आई केळीचे घड उतरवायची.
लुगड्यावर चीक पडायचा तेव्हा पाण्यासारखा,
दिसायचाही नाही.
चौथ्या धुण्याला तपकिरी.
पुढे लुगडं विरलं, गोधडीत गेलं,
डाग अजून तिथंच, माझ्या पायाशी.)

"म्हणजे रंग तुम्ही ठरवता?"
नाही साहेब. मी विचारते.
जसं विचारावं तसं पान सांगतं.

कुणी लिहून घेत नाही हे.

पिंजऱ्यात आरोपी क्रमांक दोन,
भिकन, टेम्पोचा क्लीनर, वय वीस.
शिरपूर नाक्यावर तो गोणीवर झोपला होता म्हणे.
पोलिसांच्या कागदात तो साथीदार,
मालकाच्या जबाबात अनोळखी इसम.
मघाशी व्हरांड्यात, बेडीचा हात खाली धरून
त्यानं हळूच विचारलं होतं,
"ताई, मंग मना रंग कोनता?"

टायपिस्ट मान वर करतो :
"एका शब्दात सांगा मॅडम, चौकट लहान आहे."

हिरवट, म्हणते मी.
दोन अक्षरं उमटतात.
थांबा, म्हणते.