थंड होण्याची फेरी

पहाटे तीनला हीच गाडी मला बेकरीत नेते.
सीटच्या शिवणीत मैदा बसलाय,
कितीही झटका, निघत नाही.
आणि महिन्यातल्या एका रविवारी
हीच गाडी मी मल्लालाच्या ट्रॅकवर नेते,
अ‍ॅडलेडच्या वर, गव्हाच्या रानात,
जिथे एके काळी विमानं उतरत.

लेफ्तेरिस, माझा धाकटा भाऊ,
तीन संध्याकाळी बॉनेटखाली वाकलेला होता.
रेडिएटरभोवतीच्या फटी त्याने फोमने बुजवल्या.
"हवा आळशी," म्हणाला,
"सोपी वाट दिसली की बाजूने सटकते,
जाळीतून जायचं काम टाळते."
आमच्या घराण्यातल्या पुरुषांविषयी
मी काही बोलले नाही.

ऑइल कूलर भंगारातल्या कुठल्याशा टर्बोचा.
ब्रेकचं जुनं तेल चहाच्या रंगाचं निघालं.
मी म्हटलं, बॉनेट मागून बोटभर उचलू या,
गरम हवा निघून जाईल.
तो म्हणाला, काचेच्या पायथ्याशी दाब असतो,
उलट आतच शिरेल.
मग त्याने पत्र्यात मधोमध भोकं पाडली.
करवत चालली तेवढा वेळ
मी अंगणातल्या लिंबाकडे बघत उभी.

मला यातलं जे कळतं ते भट्टीमुळे.
तीस वर्षं तिच्या तोंडाशी काढली.
उष्णता धाक दाखवून जात नाही.
दार उघडून आरडाओरडा केला
तर पाव तेवढा बसतो.

आईला होममध्ये ठेवायचं का,
हे त्या तीन संध्याकाळी
आम्ही बोलणार होतो.
"दहाचा पाना दे."
"हा घे."
"हा बाराचा आहे."

रविवारी अडतीस डिग्री.
तिसऱ्या खेपेला गाडी अशी लागली हाताला
की वळणं आपणहून जवळ येऊ लागली.
पुढे निळी टोयोटा, आत कुणी पोरगा,
दर फेरीला थोडा मोठा होत जाणारा.
तेल एकशे अठरा. एकशे चोवीस.
काट्याच्या घरावर लेफ्तेरिसने
पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला होता,
त्यावर पेनने एकच शब्द: आई शप्पथ.
(ग्रीकमध्ये जरा जास्त वाईट आहे.)

काटा टेपला टेकला.
पोरगा दोन गाड्यांवर.
मी पाय उचलला.
वरचा गिअर, खिडक्या खाली,
आणि हीटर पूर्ण.
अडतीस डिग्रीत हीटर!
इंजिनाचा ताप नडग्यांवर घेत
मी ती फेरी रांगत काढली,
मागचे सगळे भुर्र पुढे गेले,
एकाने तर हातही केला,
म्हाताऱ्या माणसाला करतात तसा.

पिटमध्ये हँडब्रेक ओढला नाही,
तापलेल्या ब्रेकला तो चिकटतो.
चाकाखाली लाकडाचा ठोकळा.
शेजारचा कुणी मदतीला धावला,
फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे.
लेफ्तेरिसने त्याचं मनगट धरलं.
"अर्धा तास," म्हणाला. "निदान."

बर्फाच्या पेटीवर आम्ही दोघं.
मी भाजलेली तिळाची कडी होती डब्यात.
पंखा फिरत होता.
"काल तिने मला थानासिस म्हटलं," तो म्हणाला.
थानासिस म्हणजे आमचे बाबा.
"मग?"
"मग काय. ओ दिली."
मी तीळ वेचत होते मांडीवरचे.
"मला बेकरीवाली बाई समजते," मी म्हटलं.
"पावाचे पैसे देते. सुटे, मोजून."
"घेतेस?"
"घेते. नाही घेतले तर चिडते."

पंखा थांबला.
आतलं लोखंड टिकटिकत राहिलं, लांब लांब.
लेफ्तेरिस उठला, झाकणावर तळवा ठेवला,
नुसता ठेवला.
"अजून नाही," म्हणाला, आणि परत येऊन बसला,
मघापेक्षा जवळ.

पाणी अर्धा लिटर लागलं.
सोमवारी तीनला गाडी एका झटक्यात सुरू झाली.
हीटर पूर्णवरच राहिला होता.